आईचं इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी लिहिण्याचं काम माझं होतं. पाणी तापवायचं काम बाबांचं, कोंबड्या कोंडायचं आईचं, तसं ते माझं.

मुळशीत धरणाच्या पाण्यापासून थोडं वर आमचं घर आहे. घराला लागून बाबांनी दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्याकडची माणसं येतात, चुलीवरचं जेवतात, पाण्याचे फोटो काढतात आणि जातात. आजूबाजूच्या रिसॉर्टांसारखं आमच्याकडे काही नाही. पण आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाल्लेली माणसं सहसा परत येतात.

सुरुवातीला माणसं फोन करायची आणि बाबा बोलायचे. "या की, हाय खोली. चांदणी चौकातनं निघाला की रस्ता सोडू नका. पौड मागं पडलं की कुणालाबी इचारा." एवढ्यावर काम व्हायचं. मग हळूहळू लोकांनी फोन करणं सोडलं. मेसेज येऊ लागले, तेही इंग्रजीत. 'अव्हेलेबल?' असा एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. बाबा त्या नंबरवर उलट फोन लावायचे, तर समोरचा उचलायचा नाही.

"दारात यायचं, कडी वाजवायची, अन् आपण दार उघडलं की पळून जायचं," बाबा म्हणायचे. "ह्ये कसलं गिऱ्हाईक?"

तेव्हा मी अकरावीत होते. एकदा मी बाबांच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, 'येस, अव्हेलेबल.' समोरून लगेच उत्तर आलं. आईनं चुलीपुढून मान वळवून बघितलं. त्या दिवसापासून मेसेज आला की ती माझं नाव घेऊन हाक मारायची, आणि ती हाक शेजारच्या आळीत ऐकू जायची.

आई सातवी शिकलेली, बाबा नववी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात मी बीबीए करते, शिष्यवृत्तीवर. रोज बसनं पिरंगुटपर्यंत आणि तिथून रिक्षानं वर. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं. मला समजतं, पण बोलता येत नाही. म्हणजे वाक्य मनात तयार होतं, ते मी तपासून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. कॅन्टीनमध्ये हॉस्टेलवरच्या मुली बोलत असतात तेव्हा मी चहाच्या कपाकडे बघत हसायच्या जागी हसते.

पण मेसेजमध्ये मी तशी नव्हते, हे मला इथे सांगायचं आहे. आमच्या खोल्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आईच्या फोनवर आणि माझ्या फोनवर दोन्हीकडे चालायचं. रिक्षात बसल्या बसल्या मी लिहायचे, 'डिअर मॅम, थँक यू फॉर युवर इंटरेस्ट. वुई वुड बी हॅपी टु होस्ट यू.' अशी वाक्यं मी मोठ्या हॉटेलांची उत्तरं वाचून उचलली होती. तिथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, विचार करायला वेळ होता, आणि पलीकडचा माणूस मला अहो-जाहो करायचा. तास चालू असताना बाकाखाली फोन थरथरला की शेजारची मैत्रीण कोपरानं ढोसायची. "ओ रिसॉर्टवाल्या, बुकिंग आलं." मी वैतागल्यासारखं करायचे. "काय करू गं, घरी कुणाला येतच नाही," असं म्हणायचे. ते वाक्य म्हणायला मला फार आवडायचं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी आईला नवा फोन घेतला. त्यातच ते होतं. खोलीवर उतरलेल्या एका बाईंनी चहा होईपर्यंत बसल्या बसल्या आईला दाखवलं की इथं दाबायचं, मराठीत बोलायचं, इंग्रजीत लिही म्हणायचं, ते लिहून देतं. आणि इंग्रजीत काही आलं की ते मराठीत वाचूनही दाखवतं.

मी कॉलेजातून आले तर आई ओट्यावर बसली होती. फोन तिनं भाकरीसारखा तळहातावर आडवा धरला होता.

"बाई, जरा लिवा बरं," ती म्हणत होती. "म्हणावं, शनवारी दोनी खोल्या हायेत. जेवणात काय पायजे ती आधी सांगा. ऐन टायमाला कोंबडी कापाय जमत न्हाई."

फोननं क्षणभर थांबून इंग्रजीत लिहिलं. मी आईच्या खांद्यावरून वाचलं. चूक नव्हती. मी पुन्हा वाचलं.

"बरूबर हाय का गं?" आईनं विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

"बघ की! लई गुणाची हाय बाई."

बाई. त्यातून बाईमाणसाचा आवाज येतो म्हणून आईनं तिला बाई केलं होतं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. आणि तिला ती 'लिवा' म्हणत होती. मला इतकी वर्षं 'ए, लिही लवकर' होतं.

पहिले काही दिवस मला वाटलं, आठवडाभर चालेल हे. आई नव्या गोष्टींचा नाद करते आणि सोडते. पण बाई राहिली. गिऱ्हाइकाचा मेसेज माझ्या फोनवर दिसायचा, मी मनात वाक्य जुळवायचे, आणि लिहायला बोट लावेपर्यंत घरून उत्तर गेलेलं असायचं. लवळ्याच्या चढावर रिक्षा दम खात असायची आणि मी मुळशीतल्या माझ्याच ओट्यावरून गेलेलं, माझं नसलेलं इंग्रजी वाचत असायचे.

मी त्यात चुका शोधायचे. एखादी सापडली की दिवस बरा जायचा.

"आई, त्याच्यावर एवढा विश्वास ठेवू नको. ते चुका करतं."

"तू न्हाई करत?"

"मी माणूस आहे."

"म्हून तर," आई म्हणाली. "ती वसकत न्हाई. चारदा सांगितलं तरी चारदा ऐकती. तू एका बारीला म्हणतीस, 'थांब गं आई, कळलं मला.' कळत न्हाई तुला काय मला म्हणायचंय, अन् लिवून मोकळी."

वर्गातल्यासारखंच झालं. उत्तर सुचलं तेव्हा आई गोठ्याकडे गेली होती.

खरं तर आईच्या आणि माझ्या लिहिण्यात फरक होता, आणि तो लोकांना कळत होता. एकानं विचारलं की स्विमिंग पूल आहे का. मी असते तर लिहिलं असतं, सॉरी सर, ही सुविधा उपलब्ध नाही. आईनं बाईला सांगितलं, "म्हणावं टाकी न्हाई, धरण हाय. पर उतरू देणार न्हाई. बुडतं माणूस. वाईच पाय सोडून बसा काठाला." बाईनं ते सगळं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं, फक्त थोडं गोड करून. त्या माणसानं हसण्याची चित्रं पाठवली आणि दोन्ही खोल्या घेतल्या. रविवारी निघताना तो आईला म्हणाला, "तुमचे मेसेज वाचायला मजा येते हो." मी तिथेच अंगणात उभी होते. माझे मेसेज वाचायला मजा येते असं मला कुणी म्हटलेलं नाही.

कॉलेजात आम्हाला हे शिकवलंही. एका तासाला सरांनी सांगितलं की आता धंद्यात गिऱ्हाइकाशी होणारं बरंचसं बोलणं यंत्रच लिहितं, तुम्हाला त्याच्याबरोबर काम करायला शिकावं लागेल. बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मला वाटलं, सर आमच्या घराबद्दल बोलतायत. मैत्रिणीनं विचारलं, "हल्ली बुकिंग येत नाही का गं?" मी म्हणाले, "येतं की." माझ्या फोनचा आवाज मीच बंद करून ठेवला होता, कारण तो वाजून उपयोग नव्हता.

मला नक्की कशाची भीती होती ते मी तेव्हा स्वतःला नीट सांगू शकले नसते. आता थोडं सांगता येईल. मला एकाच जागी इंग्रजी येत होतं आणि एकाच जागी माझी गरज होती, आणि त्या दोन्ही जागा एकच होत्या. ती जागा आईनं कुणाला तरी दिली होती, आणि ती खूश होती. ती जागा मला परत हवी होती.

मग भातलावणीचे दिवस आले.

आमच्याकडे लावणी इर्जिकीनं होते. म्हणजे ज्याचं खाचर तयार होईल त्याच्याकडे सगळी आळी उतरते. कुणी मजुरी घेत नाही. ज्याचं खाचर त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. आणि आज जे तुमच्याकडे वाकले, त्यांच्या खाचरात तुमच्या घरातलं कुणीतरी गेलंच पाहिजे. हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं, पण कुणी चुकवत नाही. आमची इर्जिक रविवारी ठरली. रविवार म्हणजे पावसाळ्यातला गिऱ्हाइकांचाही मोठा दिवस. पण इर्जिकीच्या दिवशी आई खोल्या देत नाही, कारण चूल एकच आहे.

त्याच आठवड्यात हिंजवडीतल्या एका ऑफिसातल्या मॅडमचा मेसेज आला. सात-आठ जण आहोत, रविवारी दिवसभरासाठी येऊ का, जेवण हवं. मी पिरंगुटला बसमधून उतरता उतरता तो वाचला. रिक्षात बसेपर्यंत आईचं उत्तर गेलंही होतं. मी ते वाचलं आणि रिक्षातच सरळ झाले. आईनं सांगितलं होतं की रविवारी आमच्याकडे लावणीची इर्जिक आहे, खोल्या मिळणार नाहीत, सगळी आळी जेवायला आहे, आणि शेवटी, तुम्हीपण या.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, तू त्या मॅडमना बोलावलंस."

"कुणाला?"

"हिंजवडीच्या. तुम्हीपण या म्हणालीस."

"मंग? घरात जेवणावळ हाय म्हणायचं, अन् या म्हणायचं न्हाई?" आईला माझाच प्रश्न कळेना. "तोंडावर दार लावायचं व्हय?"

"पण ते येतील ना."

"कोण येतंय एवढ्या लांबनं चिखलात! ती म्हणतील येतो, अन् बसतील घरी. आपुन म्हटलं, त्यांनी ऐकलं. झालं."

हे असंच असतं आमच्याकडे. जेवणाचा विषय काढला की 'या' म्हणायचं, समोरच्यानं 'येतो की' म्हणायचं, आणि दोघांनाही माहीत असतं की कोण खरंच येणार आहे आणि कोण नाही. गिऱ्हाइकांना लिहिताना आईचं असलं 'या' मी कायम गाळायचे. बाईनं गाळलं नव्हतं. तिला कसं कळणार?

"मी फोन करून सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगणार? येऊ नका? गप बस."

त्या मॅडमचं उत्तर मी बघितलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'वुई वुड लव्ह टु!' मी आईला ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बघ, म्हणाली ना येतो," आणि हरभऱ्याची डाळ निवडायला बसली.

मी मॅडमना फोन केला नाही. आणि मला मनातून वाटलं, यावेत ते. खरंच यावेत.

रविवारी सकाळपासून पाऊस होता. आम्ही प्लॅस्टिकचे कागद डोक्यावरून बांधून खाचरात वाकलो होतो. आई घरी माझ्या दोघी चुलत्यांबरोबर रांधत होती. बाबा रोपांच्या मुठी फेकत होते. तेवढ्यात रस्त्याला दोन गाड्या थांबल्या आणि रंगीत रेनकोट घातलेली माणसं एकेक करून खाली उतरली.

माझी पाठ दुखत होती, पण मी ताडकन उभी राहिले. मला आनंद झाला. आता आईला कळेल, मी मनात म्हणाले. आता चूल एक, भात मोजून शिजवलेला, घरभर चिखल, आणि हे आठ जण. बाई काय करणार आता? ती थोडीच येऊन यांना समजावणार आहे? कुणीतरी पुढे होऊन बोलावं लागणार, तेही इंग्रजीत.

बांधावरून चालता चालता मी वाक्य तयार केलं. या खेपेस मी ते तपासत थांबले नाही.

"गुड मॉर्निंग मॅम," मी म्हणाले. "अ‍ॅक्च्युअली देअर हॅज बीन अ मिसअंडरस्टँडिंग. द मेसेज वॉज रिटन बाय अ मशीन. माय मदर डिड नॉट मीन—"

पुढे उभ्या होत्या त्या मॅडम माझ्यापेक्षा फार तर दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"अगं, मराठीत बोल की," त्या म्हणाल्या. "मी लातूरकडची हाय. हा सोलापूरचा, ही नागपूरची. सगळे हितलेच हावोत आम्ही."

मी विचारलं, "मग तुम्ही मेसेज इंग्रजीत का केला?"

"सवय गं. ऑफिसातनं केला ना." त्या हसल्या. "आन् तुमचं उत्तरबी इंग्रजीतच आलं. मला वाटलं, तुम्हाला मराठी चालत नसंल."

म्हणजे फोनमधल्या बाईनं आईचं मराठी इंग्रजीत करून एका मराठी बाईला पाठवलं होतं. आणि त्याच्या आधी कितीतरी वर्षं मीही बहुतेक तेच करत होते. 'डिअर मॅम' म्हणून मी जिला लिहिलं तिनं ते वाचताना मनात मराठीतच वाचलं असेल. हे मला तिथे बांधावर उभ्या उभ्या कळलं आणि पाय आणखी खोल रुतल्यासारखे वाटले.

तोवर बाबा आले. "आला व्हय! या या. म्या म्हटलं होतं हिला, माणसं येत्यात म्हून."

बाबांनी असं काही म्हटलेलं नव्हतं.

"बोलावलं म्हणून आलो," मॅडम म्हणाल्या. "काकू कुठं हायेत?"

आईला निरोप गेला. ती पदराला हात पुसत घरातून बाहेर आली, आठ माणसं बघितली आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी टक लावून बघत होते. तिनं आधी गाड्यांकडे बघितलं, मग चुलीच्या दिशेनं. पण बोलली ती असं, "लेकरांनो, चपला हितं काढा. पाय धुवायची आत्ताच घाई नका करू, परत भरणारच हायेत." आणि आत वळून चुलतीला म्हणाली, "आणिक एक आधण ठेव गं मोठं."

बस्स. एवढंच. मी ज्याची वाट बघत होते ते घडलंच नाही.

ते आठही जण खाचरात उतरले. सोलापूरचा तर उतरल्या उतरल्या बसलाच, चिखलात, सगळ्यांसमोर. शेजारची काकी रोपं लावता लावता म्हणाली, "अवो सायब, रोप लावायचंय, आपुन न्हाई." दुसरी म्हणाली, "असू दी गं, खत चांगलं हाय." तो हसत हसत उठला आणि पुन्हा बसला. मॅडमना वाकून लावायचं लवकर जमलं. त्यांच्या गावाकडे भात नव्हता, सोयाबीन होतं, पण वाकायची सवय असावी. त्या बायकांच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या आणि दुपारपर्यंत ओळ सोडली नाही.

जेवायला सगळे पडवीत बसले. आई वाढत होती आणि मॅडमशी बोलत होती. इर्जिकीसारखं तुमच्याकडे काय असतं, पेरणीला कोण येतं, आई असते का गावी, लग्न झालं का, न्हाई का केलं. मॅडम सगळ्याची उत्तरं देत होत्या. मध्येच दोघी काहीतरी बोलून मोठ्यानं हसल्या, आणि आईनं त्यांच्या पानात न विचारता आणखी रस्सा वाढला.

फोन फळीवर होता, पावसाचं पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. मी भाकरीची टोपली घेऊन त्या फळीखाली उभी होते. आम्हा दोघींनाही काही काम नव्हतं. त्या वेळी मला बाईबद्दल थोडं बरं वाटलं. फार नाही. कारण आता मला त्या मॅडमचा हेवा वाटायला लागला होता, आणि एका वेळी दोघींचा करणं जड जातं.

निघताना मॅडमनी पैसे विचारले. आईनं दोन्ही हात मागे घेतले.

"न्हाई. इर्जिकीचं जेवण इकत न्हाईत."

"काकू, असं कसं? आठ जण जेवलोय आम्ही."

"आठ जण राबलाबी. वाकडीतिकडी का हुईना, लावली का न्हाई रोपं? उलट आमच्यावर देणं झालंय आता. आमच्याकडचं कुणीतरी तुमच्या कामाला आलं पायजे एक दिस." आईनं इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. "हिला धाडते."

"आई!" मी म्हणाले.

"काय आई? कॉलेजात जाती. हापिसातलं काम जमंल तिला."

मला वाटलं जमिनीनं गिळावं. मॅडम हसतील आणि सोडून देतील असं वाटलं. पण त्या हसून थांबल्या नाहीत.

"खरंच पाठवा की काकू. आमच्याकडं हेच काम चालतं. गिऱ्हाइकानं मराठीत इचारलं की मराठीत उत्तर देणारं, फोनमधी, ते करतो आम्ही कंपन्यांसाठी. ते नीट बोलतंय का न्हाई, बघायला माणसं लागतात. इंग्रजीची लई मिळत्यात. मराठीची न्हाई."

"म्हंजी बाईलाच शिकवायचं व्हय हिनं?" बाबांनी विचारलं.

पडवीतली सगळी माणसं हसली. मी सोडून.

मी तीन-चार दिवस आईशी नीट बोलले नाही. तिनं मला न विचारता कुणाच्यातरी कामाला लावलं होतं, शेळी बांधून द्यावी तसं. आणि कुणाच्या, तर त्या बाईच्या नातलगांच्या! पण इर्जिकीचं चुकवता येत नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी मला मोटरसायकलवर घातलं. घोटवडे फाट्यावरून आत वळून आम्ही हिंजवडीला पोचलो. काचांच्या इमारतीपाशी बाबा उतरले नाहीत. "सांभाळून," म्हणाले, आणि पाठमोरे झाले.

मॅडमनी मला एका स्क्रीनपुढे बसवलं. काम सोपं होतं. कुणीतरी मराठीत लिहिलेला प्रश्न, खाली यंत्राचं उत्तर. उत्तर मराठी माणसाला पटेल का, ते सांगायचं, आणि नसेल तर कसं हवं ते लिहायचं. नावंगावं काढून टाकलेली होती. माणसं दुकानात विचारतात तसं विचारत होती. एका बाईनं विजेवरचं शिलाई मशीन मागवलं होतं ते आलं नव्हतं. तिनं त्याबद्दल कमी आणि गुडघा दुखतो म्हणून पायानं चालवायचं मशीन सोडलं याबद्दल जास्त लिहिलं होतं. खाली उत्तर होतं, 'प्रिय ग्राहक, आपल्या ऑर्डरची सद्यस्थिती पुढीलप्रमाणे आहे.' आणि पुढे पोचायची तारीख.

ते वाचून मी थांबले.

ते उत्तर वाईट होतं. ते तसंच ठेवलं असतं, 'चालेल' म्हणून खूण केली असती, तर कुणाला कळलं नसतं. त्या बाईनं कदाचित वैतागून फोन ठेवला असता आणि मुलीला हाक मारली असती. त्या क्षणी मला तेच हवं होतं. कुठल्यातरी घरात कुणालातरी मुलीला हाक मारावी लागावी. मी ते उत्तर नीट केलं तर माझ्या आईसारख्या आणखी कितीतरी आया फोन तळहातावर धरून 'लई गुणाची हाय' म्हणणार होत्या.

पण मग मला खाचर आठवलं. दुसऱ्याच्या खाचरात वाकून कुणी रोप नुसतं टेकवत नाही. टेकवलेलं रोप पाण्यावर तरंगतं, आणि कुणाच्या हातचं ते सगळ्या आळीला कळतं. मॅडमची ओळ मी बघितली होती. ती थोडी वाकडी होती, पण एकही रोप तरंगलं नव्हतं.

मी लिहिलं, 'मावशी, मशीन उद्या-परवाकडे पोचेल, काळजी करू नका. ते विजेवर चालणारं आहे, त्यामुळे गुडघ्याला त्रास होणार नाही.' मग पुढचं घेतलं. दिवसभर मी तसंच केलं. दुपारी मॅडम मला कॅन्टीनला घेऊन गेल्या आणि माझ्या ताटात स्वतः वाढलं. तिथे मुली इंग्रजीत बोलत होत्या. मॅडम माझ्याशी मराठीत बोलल्या, आणि मीही बोलले, फारसं न तपासता. त्यांनी मधूनमधून येत जा म्हणून सांगितलं. मी 'बघते' म्हणाले. मी खरंच बघणार होते, नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं नव्हतं.

घरी आले तेव्हा उजेड होता. आई ओट्यावर बसली होती, फोन हातात.

"जेवाय दिलं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"दिलं."

"काम नीट केलंस न्हवं?"

"केलं."

"मंग फिटलं," आई म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. मला तिला खूप सांगायचं होतं, त्या शिलाई मशीनवाल्या बाईचं, मॅडमनी वाढलेल्या ताटाचं. ते कुठून सुरू करावं ते मी मनात जुळवत होते. आईनं माझ्याकडे बघून हातानं जरा थांब अशी खूण केली आणि फोन तोंडाजवळ नेला.

"बाई, लिवा बरं," ती म्हणाली.

मी पाय ओट्याखाली सोडले आणि तिचं होईपर्यंत थांबले.